वळणावर आत

३ मार्च

भिंगरे,

पत्राच्या डोक्यावर काय घालायचं यावर इथे अर्धा तास गेला. मास्तर म्हणाले, काहीतरी भारदस्त लिहू. मी म्हटलं, ती दिवसभर हेल्मेट घालून फिरते, तिच्या डोक्यावर आणखी काही ठेवू नका. म्हणून नुसतं भिंगरे.

मास्तर म्हणजे आपल्या वरच्या मजल्यावरचे. एकतीस वर्षं पोरांना व्याकरण आणि नीती शिकवून निवृत्त झालेत, आणि आता शिकवायला कुणी नाही म्हणून मला लेखनिक मिळालेत. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहेच. अंगठा येतो. तुझ्या आईला लिहायला बसवलं असतं, पण तुझं नाव काढलं की ती आधी रडते आणि मग विचारते काय लिहायचं. कागद भिजतो.

तिथे गेटवरच फोन काढून घेतात म्हणे, नव्या गाड्यांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून. बरंच झालं. फोनवर तू मला बाटलीतल्या माशीसारखी ऐकू येतेस.

आता मुद्दा. तुझी आई सांगते, तू हल्ली तीनचाकी मोटारसायकली चालवून बघतेस, लांबच्या प्रवासाला कुठली बरी ते ठरवतेस. दहा वर्षं दोन चाकांवर उंडारलीस तेव्हा मी गप्प बसले. पण तीन चाकं म्हटल्यावर माझा हक्क पोचतो. सत्तावीस वर्षं मी हॉस्पिटलच्या चादरी तीनचाकी सायकलीवरून धुलाईत नेल्या. लोकांना वाटतं, तीन चाकं म्हणजे पडायची भीती नाही, तीन पायांचं स्टूल पडतं का? अगं, ते पडत नाही कारण ते कुठे जात नाही.

तर कळव. पुढे एक आणि मागे दोन, की पुढे दोन आणि मागे एक? ओझं कुठे? आणि वळणावर आतलं चाक काय करतं?

तुझी आजी
(अंगठा मास्तरांच्या शाईचा आहे, त्यांच्या बाहीलाही लागलाय)


९ मार्च

आजी,

आणि मास्तर, तुम्हालाही नमस्कार, कारण हे तुम्हीच वाचून दाखवताय.

तुझ्याइतके नेमके प्रश्न इथे मला कुणी विचारले नाहीत. गाड्या तीन आहेत. त्यांची खरी नावं लिहायची नाहीत अशी ताकीद आहे, म्हणून मीच बारसं केलंय.

पहिली खेकडा. पुढे दोन चाकं, मागे एक. ब्रेक मारला की जमिनीला चिकटते, वळणात मारला तरी डगमगत नाही. पण हँडल सतत हातांशी भांडतं. खडबडीत रस्त्यावर दोन तासांत दंड भरून येतात.

दुसरी डुलाबाई. हिलाही पुढे दोन, पण ती वळणात झुकते, थेट मोटारसायकलीसारखी. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सुटत नाहीत. फक्त थांबताना झुकण्याचा खटका बंद करायला विसरलं की लोळते. आमचे साहेब परवा ऑफिसच्या पायरीसमोर तिच्यासकट लोळले. आम्ही सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं.

तिसरी सोफा. पुढे एक, मागे दोन, म्हणजे तुझ्या सायकलीची श्रीमंत मावसबहीण. गादी इतकी खोल की माणूस आत मुरतो. मागच्यालाही पाठ आणि हात टेकायला जागा. सरळ रस्त्यावर चहा पीत जावं. पण पुढच्या चाकाने खड्डा चुकवला तरी मागचं एक त्यात जातंच. आणि वळायची रीत उलटी. दोन चाकांवर वेगात उजवीकडे जायचं तर आपण हँडलची उजवी मूठ पुढे दाबतो. सोफ्यावर मी सवयीने तेच केलं आणि ती डावीकडे, सरळ टायरांच्या भिंतीत. इथे मला दोन दिवस 'भिंतवाली' म्हणत होते. म्हणून घाटासाठी सोफा मी हट्टाने मागून घेतला.

हो, घाट. सत्तावीस तारखेला सकाळी उतरण, तेवीस वळणं. तिन्ही गाड्या, सामान भरून, मागे माणूस बसवून. माझ्या मागे आमचे मोठे परीक्षक, एकशे आठ किलो. त्यानंतर माझ्या अहवालावर ठरेल की सोफा बाजारात जाईल की नाही.

तुझा शेवटचा प्रश्न. सोफ्याचं मागचं आतलं चाक वळणावर कधीकधी हलकं होतं. किंचितच. सवयीचा भाग आहे, असं सगळे म्हणतात.

भिंगरी


१३ मार्च

भिंगरे,

'किंचितच' या शब्दावर माझा विश्वास नाही. तुझ्या आजोबांना किंचितच ऐकू येत नव्हतं, आणि शेवटी दारावरची घंटा मीच दिवसातून चार वेळा त्यांच्या वतीने ऐकत होते.

साहेब लोळले ते मी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा मास्तरही हसले, पण तोंडावर रुमाल धरून.

आता नीट ऐक. माझी सायकल तुझ्या सोफ्यासारखीच, पुढे एक मागे दोन, मागे पेटारा. हॉस्पिटलच्या मागच्या दारातून निघाले की उतार, आणि उताराच्या तळाला छापखान्याचा कोपरा. पहिल्याच आठवड्यात मी तिथे उलटले. बेचाळीस चादरी गटारात. धुलाईतल्या बाया कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. त्यांच्यात एक सगळ्यांत म्हातारी होती, बोलताना तिचा श्वास असा फुसफुसायचा की आम्ही तिला 'इंजिन' म्हणायचो. ती माझ्याजवळ आली, मला दंडाला धरून उठवलं, आणि त्या अनुभवी सहकारी महिलेने मला असा मोलाचा सल्ला दिला, की वळण आले असता आतील बाजूस संपूर्ण लक्ष द्यावे.

कळलं? सगळी मेख त्यात आहे. त्यानंतर सत्तावीस वर्षांत मी परत उलटले नाही.

आणि ब्रेक वळणाच्या आधी मार, वळणात नको. तुझा तो खेकडा सहन करेल, सोफा करणार नाही. एक चाक पुढे असलं की सगळं ओझं त्या एकट्याच्या खांद्यावर येतं, आणि बाहेरच्या बाजूने कलंडायला तेवढं पुरतं.

मी सांगितलं तसं कर, आणि चाकाचं काय झालं ते लगेच लिही. सत्तावीस तारखेची मी भिंतीवर कोळशाने रेघ मारून ठेवली आहे. रेघ मला वाचता येते.

आजी


१९ मार्च

आजी,

अक्षर वाईट आलंय, समजून घे. हाताला दाराचा चिमटा बसला. काही विशेष नाही.

तू सांगितलंस तसं करतेय. वळण आलं की आतल्या बाजूला पूर्ण लक्ष देते. नजर आतल्या कडेवर खिळवते, रस्त्याचा एकेक खडा मोजावा तशी. तरीही चाक उचलतं. रिकामी असताना बोटभर. परवा मागे वाळूची पोती बांधली, तेव्हा चार बोटं. पोती एकशे आठ किलोची नव्हती, निम्मीच होती.

साहेब म्हणतात, गाडीत दोष नाही, तू घाबरतेस. मी पुढे वाकून बसले तर ओरडतात, 'गिऱ्हाईक पाठ टेकून बसणार, तूही तशीच बस.' तशीच बसते. गादी वाडग्यासारखी आहे, एकदा आत बसलं की इकडचं तिकडे हलता येत नाही. जाहिरातीत तेच लिहिणार आहेत, 'बसा आणि विसरा.' वळणावर मात्र सगळं अंग बाहेर फेकलं जातं, आणि मी आत लक्ष देत राहते.

खरं सांगू? मी नाही म्हणू शकते. पण नाही म्हटलं तर कारण लिहावं लागेल, आणि कारण मला सापडत नाही. 'भीती वाटली' एवढंच लिहून मी निघाले, तर सोफा दुसरं कुणीतरी चालवेल आणि 'ठीक आहे' लिहील.

तुझं लक्ष आणि माझं लक्ष वेगळं आहे का गं? तू नक्की काय करायचीस?

भिंगरी


२५ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मास्तर वाचत होते आणि मी शेंगा सोलत होते. 'आतल्या बाजूला पूर्ण लक्ष देते' इथे माझा हात थांबला.

मी म्हटलं, "मास्तर, मागे या. कसलं लक्ष?"

"तुम्ही सांगितलेलं."

"मी लक्ष म्हटलंच नव्हतं."

मास्तर चष्मा पुसायला लागले. स्वच्छ चष्मा पुसणारा माणूस मी लांबून ओळखते.

"तुम्ही जो शब्द उच्चारलात," ते म्हणाले, "तो मुलीला लिहिण्याजोगा नव्हता. मी त्याचा भावार्थ लिहिला."

"भावार्थ? मास्तर, माझी पोर भावार्थावर बसून घाट उतरणार आहे का?"

ते पांढरे पडले गं. मला ओरडायचं होतं, पण त्यांचं तोंड बघून अर्धंच ओरडले.

तर आता ते अक्षर न् अक्षर लिहितायत, आणि औषधाच्या दुकानातली बाई त्यांच्या खांद्यावरून तपासतेय. इंजिन मला जे म्हणाली ते असं:

"अगं, वळणावर बूड आत टाक! सगळं बूड. अर्धं गादीबाहेर लोंबलं तरी चालेल. लाजलीस तर उलटशील."

नजर नाही, मन नाही, बूड. उजवं वळण असेल तर उजवीकडे सरकवायचं, डावं असेल तर डावीकडे. तुझी डुलाबाई वळणात स्वतः झुकते, सोफा झुकत नाही. जी गाडी झुकत नाही तिच्यासाठी माणसाने सरकायचं असतं. आणि वळण यायच्या आधी सरकायचं, वळणात शिरल्यावर नाही.

आता तू लिहितेस की गादी वाडग्यासारखी. मग बूड सरकणार कसं? हेच तुझं हरवलेलं कारण. भीती नाही, चाकही नाही. वाडगं. खळगा भरून काढ. चादरीची चौघडी घाल, ती परत दुमड, आणि खळग्यात ठोकून बसव. गादी पाटासारखी सपाट झाली पाहिजे. साहेबांचं 'पाठ टेकून' साहेबांकडे ठेव. आणि मागच्या एकशे आठ किलोंना सांग, त्यांचंही बूड तुझ्याच बाजूला हललं पाहिजे. ते बाहेर कलले तर तू एकटी किती सरकणार?

आणखी एक. मला अक्षर वाचता येत नाही, पण ओळखता येतं. तुझ्या ओळी मुंग्यांसारख्या सरळ जातात. या वेळी मुंग्यांवर कुणीतरी पाणी ओतलंय. दाराच्या चिमट्याने असं होत नाही. मनगट आहे ना? उलटली होतीस? तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही, ती मला दोनदा विचारून गेली की शेंगा सोलायच्या थांबून मी कुठे बघत बसले.

टपालाला चार-पाच दिवस लागतात आणि हातात दीड आहे. मास्तर स्वतः संध्याकाळच्या बसने निघतायत. नऊ वर्षांत ते बाजाराच्या पुढे गेलेले नाहीत. छत्री, डबा आणि दोन स्वेटर घेतलेत.

जाण्याआधी मी त्यांना तो शब्द कागदावर मोठा काढून दाखवायला लावला. दोन अक्षरं आहेत. पहिल्याच्या पोटात रेघ आणि खाली शेपूट, दुसरं आकड्यासारखं वळलेलं. या पत्रात तो जिथे जिथे आलाय तिथे मी बोट ठेवून बघितलंय आणि खाली शाईचा ठिपका दिलाय. ठिपका नसेल तर शब्द माझा नाही.

आजी


२८ मार्च

भिंगरे,

मास्तर आज दुपारी परत आले. घसा बसलाय, पण लिहितायत.

बस वाटेत बिघडली. काल सकाळी ते गेटवर पोचले तेव्हा तुम्ही सगळे घाटाच्या माथ्यावर गेला होतात. पहारेकरी आत सोडेना. म्हणाला, पत्र ठेवून जा, संध्याकाळी देतो. मास्तर म्हणाले, संध्याकाळी उपयोग नाही. तो म्हणाला, मग निरोप सांगा, वॉकीटॉकीवरून कळवतो. मास्तरांनी त्याच्या कानात सांगितला. पहारेकरी इतका हसला की त्याला बोलताच येईना, आणि त्याने ते यंत्र मास्तरांच्याच हातात दिलं.

मास्तर पहिल्यांदा हळू बोलले. पलीकडून आवाज आला, "ऐकू आलं नाही, परत." दुसऱ्यांदा बोलले. "परत." तिसऱ्यांदा डोळे मिटून ओरडले. मग नुसती खरखर. एक आवाज आला, पण तो तुझा की आणखी कुणाचा, आणि हो म्हणाला की नाही, ते त्यांना सांगता येत नाही. पहारेकऱ्याला पुढचा हुकूम आला म्हणून त्याने यंत्र काढून घेतलं, आणि परतीची एकच बस होती.

म्हणजे शब्द निघाला. पोचला का, ते माहीत नाही.

मी तुझ्या आईकडे पाठ करून बसते. ती म्हणाली, "तुम्ही आज कुणाला चिडवलं नाही, ताप आहे का?" मी म्हटलं, उद्या दुप्पट चिडवेन.

मास्तर विचारतायत, थट्टा सुचत नाही हेही लिहू का. लिहा म्हटलं.

लांबलचक नको. एक ओळ पाठव. अर्धी पाठव.

आजी


२९ मार्च

आजी,

बूड जागेवर आहे. हाडं सगळी आहेत. आता बाकीचं.

खोटं बोलले. सतरा तारखेला सोफा माझ्यावर उलटला. पोत्यांमुळे पूर्ण पालथा झाला नाही, पण मनगट खाली आलं. साहेबांनी 'चालकाची चूक' लिहिलं आणि मी सही केली, कारण दुसरं कारण माझ्याकडे नव्हतं.

काल नव्हे परवा सकाळी मी माथ्यावर हेल्मेट घालून बसले होते. मागे परीक्षक चढले तेव्हा गाडीने उसासा टाकला. खेकडा आणि डुलाबाई खाली गेलेल्या. तेवढ्यात मदतीच्या गाडीतला आवाज, भोंग्यावरून, अकरा माणसांसमोर:

"आजींचा निरोप आहे. वळणावर... आत टाकावे."

मधला शब्द खरखरीत गेला. गाडीतला यंत्रवाला म्हणाला, परत. परत तेच. तिसऱ्यांदा अख्ख्या घाटाने ऐकला. "बूड! बूड आत टाकावे! खळगा चादरीने भरावा!" आजी, मास्तरांनी त्या अवस्थेतही 'टाकावे' म्हटलं.

सगळे हसले. मी हसले नाही. मला एका क्षणात ते लक्ष, ते वाडगं, ते मनगट, सगळं समजलं. मी खाली उतरले. साहेब म्हणाले, वेळ झाली. मी म्हटलं, दहा मिनिटं, नाहीतर तुम्ही चालवा. त्यांना डुलाबाई आठवली असावी. प्रथमोपचाराच्या पेटीतलं ब्लँकेट आणि दोन टॉवेल मी खळग्यात ठोकले, आणि परीक्षकांना सांगितलं काय करायचं. ते लाल झाले, पण हो म्हणाले.

सातवं वळण सगळ्यांत वाईट, उतरता उतरता आत मुडपतं. बाहेर कठडा नाही. मी आधी ब्रेक मारला, सरकले, गुडघा हवेत. मागून ओरड आली, "चाक?" रस्त्याकडेला उभा असलेला माणूस ओरडला, "खाली! चाक खाली!" तेवीसच्या तेवीस वळणं खाली.

मग तळाला, मोकळ्या मैदानात, मी ब्लँकेट काढलं, पाठ टेकली आणि साहेबांसमोर हळूच एक वळण घेतलं. चाक वीतभर उचललं. परीक्षक चालत्या गाडीवरून उतरले, एकशे आठ किलो असून.

अहवालात लिहिलंय की दोन चाकांवरून येणाऱ्याला डुलाबाई सगळ्यांत जवळची, निसरड्या रस्त्याला आणि ब्रेकला खेकडा, पण त्याचं हँडल हलकं करा. आणि सोफा या गादीवर बाजारात जाऊ नये, कारण वळणावर चालकाला बूड सरकवता येत नाही. साहेबांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाले, याचा भावार्थ लिही.

तुझं पत्र तोवर गेटवरून माझ्या खिशात आलं होतं. मी त्यांना तुझंच उत्तर दिलं. परीक्षकांनी खाली सही केली. गाद्या परत गेल्या.

मास्तरांना सांग, घशाला मिठाच्या गुळण्या.

भिंगरी


३ एप्रिल

भिंगरे,

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मास्तर आंघोळीला गेले होते. हाका मारल्या तर म्हणाले, साबण लागलाय. औषधाच्या दुकानातली बाई दुकानात. तुझी आई कामावर. पाकीट माझ्या हातात, आणि आत काय आहे ते सांगणारं घरात कुणी नाही. दुसऱ्या कुणाचं अक्षर असेल तर काय करायचं, या विचाराने मी ते ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. फोडायला सुरी घेतली आणि दोनदा परत ठेवली. हे मी गाळायला सांगितलं तरी मास्तर गाळणार नाहीत, आता आमचं तसं ठरलंय.

कागद उघडला. मुंग्या. थोड्या लंगड्या, पण सरळ चालल्या होत्या. आणि पहिल्याच ओळीत, सगळ्यांत पुढे, पोटात रेघ, खाली शेपूट, शेजारी आकडा.

मी खालीच बसले. बाकी काहीही लिहिलेलं असो. हा शब्द तुझ्या हातचा आणि तो पहिला, म्हणजे पोर शाबूत आहे.

मास्तर ओल्या केसांनी धावत खाली आले तर मी हसत होते. म्हणाले, "वाचू?" मी म्हटलं, "मी वाचलं. आता तुम्ही वाचा." त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. मी तो शब्द कागदावर बोटाने दाखवत गेले आणि ते मान डोलवत गेले, एकतीस वर्षांत त्यांना असा विद्यार्थी मिळाला नव्हता. म्हणतात, आता दुसरा शब्द शिकवतो, 'कमळ' सोपा आहे. मी म्हटलं, कमळाचं मला काय काम? एकाने भागतंय.

मनगट बरं होईपर्यंत गाडीवर बसू नकोस. तुझ्या आईला आता तूच सगळं सांगायचंस. मी तिच्याशेजारी बसेन, कागद भिजू नये म्हणून.

आजी

ता. क. वरील मजकूर बोलल्याप्रमाणे उतरवला असून एकही शब्द गाळलेला नाही. मनगट बरे झाल्यावर गाडी चालवताना वळणावर बूड आत टाकावे. हे वाक्य माझे स्वतःचे आहे.
— लेखनिक